हार्डडिस्क : उन्हाची धास्ती आणि ओलीकडे दुर्लक्ष

शाळेच्या संगणक कक्षात भिंतीवर सूचनांचा एक कागद बहुधा असतोच. चपला बाहेर काढाव्यात, डबा आत आणू नये, आणि या यादीत कुठेतरी ‘संगणक थंड ठेवावा’. किती थंड, संगणकाचा कोणता भाग, कोणत्या महिन्यात, हे तो कागद सांगत नाही. विचारलं तर दोनपैकी एक उत्तर मिळतं. पहिलं असं, की तापमान दहा अंशांनी वाढलं की हार्डडिस्कचं आयुष्य निम्मं होतं, म्हणून कक्षाला वातानुकूलन हवंच. दुसरं उत्तर थोडं अधिक वाचणाऱ्यांचं असतं : तापमानाचा आणि डिस्क बिघडण्याचा काही संबंध नाही, गूगलने ते तपासून दाखवलं आहे. दोन्ही उत्तरं सारख्याच ठामपणे दिली जातात आणि दोन्हींमागे छापील आधार असतो. हे आधार मुळात काय म्हणतात आणि एखाद्या शाळेला त्यांचा किती उपयोग आहे, हे इथे तपासायचं आहे.

शाळा कुठलीही नको, मुळशी तालुक्यातली घेऊ. त्याला कारण आहे. हिंजवडीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क याच तालुक्यात आहे आणि ताम्हिणीचा घाटही याच तालुक्यात. एका टोकाला बाराही महिने एकाच तापमानाला ठेवलेल्या संगणकांच्या खोल्या, दुसऱ्या टोकाला पावसाळाभर भिंतींना ओल धरणाऱ्या वाड्यावस्त्या. पुणे शहरात वर्षाला सरासरी ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. ताम्हिणीच्या बाजूला तो काही हजार मिलिमीटरमध्ये मोजावा लागतो. कंपन्यांमधून निवृत्त झालेले संगणक शाळांकडे येतात, आणि त्यांची निगा राखण्याचे नियमही त्यांच्याबरोबर कंपन्यांमधूनच येतात. संगणक वापरता येतो. नियम मात्र त्या खोलीसाठी केलेले असतात, या खोलीसाठी नव्हे.

प्रश्न किरकोळ नाही. लहान शाळेत मुलांचे दाखले, निकालपत्रकं, पटाची माहिती आणि शिक्षकांनी वर्षानुवर्षं जमवलेले पाठ अनेकदा एकाच जुन्या यंत्रातल्या एकाच डिस्कवर असतात. हाताशी थोडे पैसे आले तर ते वातानुकूलन यंत्रावर घालायचे, नव्या पंख्यावर, की दुसऱ्या डिस्कवर, हे मुख्याध्यापकांना ठरवावं लागतं.

आधी डिस्क तापते कशी ते पाहू. जुन्या मेजावरच्या संगणकातली साडेतीन इंची डिस्क म्हणजे धातूच्या पेटीत एकाच आसावर बसवलेल्या एक किंवा अधिक चकचकीत तबकड्या. त्या मिनिटाला ७२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. तबकडीचा व्यास सुमारे ९५ मिलिमीटर धरला तर तिच्या कडेचा वेग ताशी जवळजवळ १३० किलोमीटर निघतो. गणिताच्या तासाला मुलांकडून काढून घ्यावा असाच हा आकडा आहे. वाचणारं-लिहिणारं हेड या तबकडीला टेकत नाही. ते तिच्यावर दहा नॅनोमीटर किंवा त्याहूनही कमी उंचीवर हवेच्या पातळ थरावर तरंगतं. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० हजार नॅनोमीटर असते, यावरून अंदाज यावा. तबकड्या फिरवणारी मोटर, हेड हलवणारं कॉईल आणि खालच्या बाजूचं सर्किट मिळून सहा-आठ वॅट वीज घेतात आणि ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. झिरोच्या बल्बहून फार जास्त नाही.

एवढीशी उष्णता डिस्कला किती तापवेल? न्यूटनचा शीतकरणाचा नियम आपण वर्गात शिकवतो, तो इथे सरळ लावता येतो. डिस्कची पेटी साधारण १४७ मिलिमीटर लांब, १०२ रुंद आणि २६ जाड. सहाही बाजूंचं क्षेत्रफळ मिळून सुमारे ०.०४३ चौरस मीटर भरतं. भोवतालची हवा स्थिर असेल तर दर चौरस मीटरमागे आणि तापमानाच्या दर अंशाच्या फरकामागे सुमारे १० वॅट उष्णता निघून जाते, असं ढोबळ मानाने धरायला हरकत नाही. डिस्क ७ वॅट सोडत असेल तर ती भोवतालच्या हवेपेक्षा १६ अंशांनी गरम राहील. आता तिच्यावरून हवेची मंद झुळूक सोडा. १० वॅटच्या जागी २० धरा. फरक ८ अंशांवर येतो. जोराचा वारा सोडून ते ४० करा, फरक ४ अंश. म्हणजे पहिल्या झुळकीने आठ अंश वाचवले आणि नंतरच्या सोसाट्याने फक्त चार. डिस्कपुढे घरघरणारे दोन-दोन पंखे बसवणाऱ्यांनी ही बेरीज-वजाबाकी एकदा करून पाहावी.

आता पहिल्या आधाराकडे वळू. ‘दहा अंशांना निम्मं आयुष्य’ हा नियम मुळात रसायनशास्त्रातला आहे. स्वांते आऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८८९ साली रासायनिक अभिक्रियेचा वेग तापमानाबरोबर कसा वाढतो याचं सूत्र मांडलं. त्या सूत्रात अभिक्रिया सुरू होण्यासाठी लागणारी ऊर्जा, म्हणजे सक्रियण ऊर्जा, ही एक राशी आहे. ती मोलला सुमारे ५३ किलोज्यूल असेल तर २७ वरून ३७ अंशांवर जाताना वेग दुप्पट होतो. ऊर्जा याच्या निम्मी असेल तर वेग १.४ पट होईल आणि दुप्पट असेल तर चौपट. थोडक्यात, हा नियम एका विशिष्ट ऊर्जेपुरता खरा आहे. विजेच्या उपकरणांमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला तो बऱ्यापैकी लागू पडतो, कारण तिथे द्रव हळूहळू निघून जाण्याचीच ती प्रक्रिया असते. हार्डडिस्क मात्र एका अभिक्रियेने मरत नाही. कधी बेअरिंग झिजतं, कधी हेड तबकडीला घासतं, कधी धूळ आत शिरते, कधी सर्किटच्या टोकांवर गंज चढतो, कधी कारखान्यातूनच दोष आलेला असतो. या सगळ्यांना एकच दहा अंशांचा नियम लावायचा म्हणजे शाळेतल्या सगळ्या मुलांना एकाच मापाचा गणवेश शिवण्यासारखं आहे.

कारखानदारांच्या माहितीपत्रकांमधले आकडे किती ताणलेले असतात, हे २००७ साली बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी दाखवलं. त्यांनी सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. पत्रकांत बिघाडापर्यंतचा सरासरी काळ १० ते १५ लाख तास दिलेला होता. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षं! त्यावरून वर्षाला शंभरातली फार तर ०.८८ टक्के डिस्क बदलावी लागायला हवी होती. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के ही नेहमीची गोष्ट होती आणि काही ठिकाणी प्रमाण १३ टक्क्यांपर्यंत गेलं. वय वाढेल तसं हे प्रमाण सुरुवातीपासूनच वाढत जातं, असंही त्यांना आढळलं. आपल्या शाळांकडे येणाऱ्या डिस्क वयस्करच असतात, ही गोष्ट इथे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

त्याच परिषदेत गूगलच्या एदुआर्दो पिनेरो, वोल्फ-डीट्रिख वेबर आणि लुईझ आंद्रे बारोझो यांनी आपला शोधनिबंध मांडला. दुसऱ्या उत्तराचा आधार तो हाच. गूगलच्या केंद्रांमध्ये वापरात असलेल्या एक लाखाहून अधिक साध्या, बाजारी डिस्कवर त्यांनी लक्ष ठेवलं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. त्यात तापमानही असतं. या नोंदींवरून त्यांना दिसलं की मध्यम तापमानाच्या पट्ट्यात तापमान वाढलं म्हणून बिघाड वाढत नाहीत. उलट सगळ्यात थंड डिस्कमध्ये बिघाडाचं प्रमाण जास्त होतं. बातमी झाली ती इथवरच्या निष्कर्षाची.

निबंध याच्या पुढे जातो. तापमानाच्या वरच्या टोकाला बिघाड पुन्हा वाढतात, आणि हे विशेषकरून जुन्या डिस्कमध्ये होतं. तीन वर्षांच्या डिस्कच्या गटात सरासरी ४५ अंशांच्या वर राहणाऱ्यांचं प्रमाण स्पष्टपणे चढलेलं आहे. म्हणजे ‘संबंध नाही’ हे वाक्य तरुण आणि मध्यम तापमानातल्या डिस्कपुरतं आहे. शाळेतली डिस्क तरुण नाही, आणि तिचं तापमान मध्यम आहे की नाही ते कोणी पाहिलेलं नाही. गूगलचा दाखला देऊन पंखा काढून ठेवणाऱ्याने निबंधाचा नेमका आपल्याला लागू पडणारा भाग सोडून दिलेला असतो.

निबंधावरही आमचे काही आक्षेप आहेत. डिस्कचं मॉडेल, बनावट आणि उत्पादनाची तुकडी यांवर बिघाड फार अवलंबून असतात, हे लेखक स्वतःच सांगतात. पण व्यावसायिक कारणांमुळे मॉडेलवार आकडे देत नाहीत. मॉडेल लक्षात घेऊनही बहुतेक निष्कर्ष बदलत नाहीत, हे त्यांचं म्हणणं वाचकाला तपासता येत नाही. शिवाय थंड डिस्क थंड का होत्या? कोणी चिठ्ठ्या टाकून निम्म्या डिस्क थंड खोलीत आणि निम्म्या गरम खोलीत ठेवल्या नव्हत्या. एखादं मॉडेलच मुळात कमी तापणारं आणि लवकर बिघडणारं असेल, तरी आलेख असाच दिसेल. दवाखान्यात गर्दी असलेल्या गावात आजार जास्त दिसतात, म्हणून दवाखान्यामुळे आजार होतात असं आपण म्हणत नाही. नववी-दहावीच्या मुलांना सहसंबंध आणि कारण यांतला फरक समजावायला याहून चांगलं उदाहरण आम्हाला आठवत नाही. लेखकांचा मात्र यात दोष नाही. ‘थंडीने डिस्क बिघडते’ असा दावा त्यांनी केलेलाच नाही, तो वाचणाऱ्यांनी केला.

नंतरच्या अभ्यासांनी चित्र आणखी गुंतागुंतीचं केलं. मायक्रोसॉफ्टच्या केंद्रांमधल्या डिस्कवर श्रीराम शंकर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये निष्कर्ष मांडला की तापमान आणि बिघाड यांचा संबंध आहे, आणि चांगला ठळक आहे. एकाच सर्व्हरच्या पेटीत पुढे बसलेल्या आणि मागे बसलेल्या डिस्कमध्येही त्यांना फरक दिसला. २०१२ साली टोरांटो विद्यापीठात नोसैबा अल-सय्यद, श्रोडर आणि इतरांनी अनेक केंद्रांची माहिती एकत्र पाहिली. तापमानाचा परिणाम होतो, पण समजलं जातं त्यापेक्षा बराच कमी, आणि ५० अंशांखाली तो दुपटी-चौपटीने न वाढता सरळ रेषेत वाढतो, असं त्यांचं म्हणणं. यातून ढोबळ निवाडा असा निघतो : जुनी डिस्क ४५ अंशांच्या खाली ठेवावी, त्याच्याही खाली ढकलत नेण्यात फारसं हाती लागत नाही.

मग मुळशीत ती ४५ च्या खाली राहते का? वरचंच गणित पुढे नेऊ. कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षा पाचेक अंशांनी गरम असते असं धरू. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत ३८ अंश असतील तर स्थिर हवेतली डिस्क ३८ अधिक ५ अधिक १६, म्हणजे ५९ अंशांवर जाईल. बहुतेक डिस्कची कमाल मर्यादा ५५ किंवा ६० अंश असते. पंख्याची झुळूक मिळाली तरी ५१. हे आकडे चांगले नाहीत, आणि सूचनेचा कागद लिहिणाऱ्याच्या मनात हीच दुपार असते.

पण एप्रिलमध्ये शाळा दुपारी भरते कुठे? उन्हाळ्यात शाळा सकाळच्या होतात. सकाळी आठला खोलीत २८ अंश असतील तर झुळूक मिळणारी डिस्क ४१ वर राहते. मे महिन्यात सुट्टी. संगणक बंद, त्यावर चादर. म्हणजे ज्या दुपारच्या भीतीने वातानुकूलनाची मागणी होते, त्या दुपारी संगणक चालूच नसतो. वेळापत्रकाने ते काम फुकट केलेलं आहे. उन्हाळ्यातलं उरलेलं कार्यालयीन कामही सकाळीच उरकलं तर उष्णतेचा प्रश्न जवळजवळ मिटतो.

खरा प्रश्न जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेव्हा सुरू होतो. नवे प्रवेश, पटाची माहिती, दाखले. संगणकाला सर्वाधिक काम असतं ते याच दिवसांत, आणि मुळशीचा पाऊसही हाच. मीठाला पाणी सुटतं, पापड सादळतात, वह्यांची पानं मऊ पडतात, चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी चढते. डिस्क मात्र लोखंडी पेटीत सुरक्षित आहे, असं आपण गृहीत धरतो. ती हवाबंद नसते. जुन्या डिस्कच्या झाकणावर एक बारीक छिद्र असतं आणि ‘हे झाकू नये’ असं शेजारी छापलेलं असतं. आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवतात. छिद्रामागची गाळणी धूळ अडवते. बाष्प ती फार काळ अडवू शकत नाही. हेलियम भरलेल्या नव्या, मोठ्या क्षमतेच्या डिस्क पूर्ण बंद असतात, पण त्या शाळेपर्यंत अजून आलेल्या नाहीत. आणि डिस्कच्या पोटाखालचं सर्किट तर उघड्यावरच असतं.

या विषयावरचा महत्त्वाचा अभ्यास २०१६ सालचा आहे आणि त्याची चर्चा गूगलच्या निबंधाच्या तुलनेत फारच कमी झाली. इओआनिस मानुसाकिस, रिकार्डो बियांकिनी आणि सहकाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टच्या नऊ मोठ्या केंद्रांमधल्या दहा लाखांहून अधिक डिस्कच्या नोंदी तपासल्या. यातली काही केंद्रं विजेची बचत म्हणून बाहेरची हवा आत घेऊन थंड केली जात होती. बिघाडांवर सर्वात मोठा प्रभाव त्यांना दिसला तो सापेक्ष आर्द्रतेचा. तापमानाचा प्रभाव तिच्यापुढे फिका होता. दमट केंद्रांमध्ये वाढलेले बिघाड मुख्यतः डिस्कच्या नियंत्रक सर्किटाचे आणि जोडण्यांचे होते, म्हणजे उघड्या धातूचे. गंजाचा हिशेब इथे जुळतो.

हा निबंधही जसाच्या तसा उचलू नये. त्या केंद्रांमधली हवा गाळलेली असते आणि यंत्रं रात्रंदिवस चालू असतात. शाळेतला संगणक दिवसातले चार-पाच तास चालतो आणि उरलेला वेळ थंडगार पडून असतो. त्यामुळे आपली स्थिती त्यांच्याहून वाईट असावी. का, हे आकड्यांत पाहण्यासारखं आहे.

जुलैमधल्या पावसाळी दिवशी खोलीत २४ अंश तापमान आणि ९५ टक्के सापेक्ष आर्द्रता आहे असं समजा. २४ अंशांना संपृक्त बाष्पाचा दाब २.९८ किलोपास्कल असतो, त्याचे ९५ टक्के म्हणजे २.८३. हीच हवा कॅबिनेटमध्ये शिरून २९ अंशांवर आली तर तिथला संपृक्त दाब ४.०१ असतो, म्हणून सापेक्ष आर्द्रता ७१ टक्क्यांवर उतरते. झुळूक मिळणारी डिस्क ३७ अंशांवर असेल. तिला चिकटून असलेल्या हवेसाठी संपृक्त दाब ६.२८, म्हणून आर्द्रता ४५ टक्के. हवेतलं पाणी तेवढंच आहे, पण डिस्कच्या दृष्टीने ती कोरडी झाली. कॅमेरा किंवा हार्मोनियम ठेवलेल्या कपाटात पावसाळ्यात बारीक बल्ब लावून ठेवतात, त्यामागचं शास्त्र हेच. आणि डिस्क हा त्याच तोडीचा सहा-आठ वॅटचा बल्ब आहे, हे आपण वर पाहिलंच. ज्या उष्णतेला हाकलण्यासाठी सूचनेचा कागद लावला, तीच जुलैमध्ये डिस्कची राखण करते.

म्हणून पावसाळ्यात संगणक आठ-आठ दिवस बंद ठेवणं हा त्याला जपण्याचा मार्ग नाही. रोज तासभर तरी तो चालावा, सुट्टीच्या शनिवारीही कोणी आलं तर लावावा. मे महिन्यात झाकून ठेवलेलं यंत्र पहिल्या मुसळधार पावसात लावण्यापेक्षा जूनच्या सुरुवातीच्या एखाद्या कोरड्या दिवशीच सुरू करावं. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला जाऊन गेल्या शतकापासून वीज तयार करतं. तालुक्यातल्या वाड्यांवर मात्र झाड पडलं की वीज जाते आणि कधी परतेल ते सांगता येत नाही. अशा खंडानंतर आधी खोलीच्या खिडक्या लावून घ्याव्यात आणि यंत्र एकदा सुरू केलं की बराच वेळ चालू ठेवावं.

वातानुकूलनाचं काय? ते दिवसरात्र चालणार असेल तर हवा कोरडी करतं, उत्तमच. पण शाळेत ते तपासणीच्या दिवशी किंवा तासापुरतं चालतं. वर घेतलेल्या जुलैच्या हवेचा दवबिंदू २३ अंशांच्या जवळ आहे. खोली २० अंशांपर्यंत गार केली, संगणक बंद केला, तास संपला आणि मुलांनी दारं-खिडक्या उघडल्या, की २० अंशांवरच्या प्रत्येक धातूच्या पृष्ठभागावर पाणी धरेल. फ्रिजमधून काढलेल्या तांब्यासारखं. डिस्कच्या माहितीपत्रकात आर्द्रतेची मर्यादा ९० किंवा ९५ टक्के दिलेली असते, पण त्याला ‘घनीभवन होता कामा नये’ अशी पुस्तीही जोडलेली असते. तासापुरतं वातानुकूलन नेमकं तेच घडवून आणतं. आमच्या मते ताम्हिणीच्या बाजूच्या शाळेने या यंत्रासाठी एक रुपयाही खर्च करू नये.

कॅबिनेटचं झाकण काढून समोर टेबल-फॅन लावायची पद्धतही बरीच रूढ आहे. तापमान त्याने उतरतं, हे खरं. पण उन्हाळ्यात लाल मातीची धूळ आणि पावसाळ्यात धुकं, दोन्ही थेट सर्किटवर जातात. टेबल-फॅन नसताना नुसतं झाकण काढून ठेवलं तर अनेक कॅबिनेटमध्ये डिस्क उलट जास्त तापते. आतली रचना अशी असते की मागचा पंखा हवा बाहेर ओढतो आणि तिच्या जागी पुढच्या जाळीतून, डिस्कच्या खणावरून हवा येते. बाजू उघडी टाकली की हवा जवळच्या वाटेने, बाजूनेच आत येते; डिस्कपाशी काही हलतच नाही. घरात पुढचं-मागचं दार उघडं ठेवल्यावर वारा खेळतो आणि मध्येच तिसरं दार उघडलं की पुढच्या खोलीतला वारा पडतो, तसं.

किती हवा लागते? संपूर्ण संगणक १०० वॅट घेत असेल आणि आतली हवा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर एक घनमीटर हवेला एक अंश तापवायला सुमारे १२०० ज्यूल लागतात यावरून उत्तर सेकंदाला आठ लिटर येतं. ८० मिलिमीटरचा साधा पंखा अडथळा नसताना १२ ते १५ लिटर हवा हलवतो. म्हणजे असलेला एक पंखा पुरतो, वाट मोकळी असेल तर. बहुतेक जुन्या यंत्रांत ती मोकळी नसते. पुढच्या जाळीवर धुळीची नमद्यासारखी गादी बसलेली असते, रुंद पट्टीच्या जुन्या केबल डिस्कसमोर आडव्या आलेल्या असतात, आणि दोन डिस्क असतील तर त्या एकावर एक चिकटून बसवलेल्या असतात. जाळी मऊ ब्रशने झाडणं, केबल बाजूला बांधणं, दोन डिस्कमध्ये एक खण रिकामा सोडणं, एवढ्याने आमच्या गणितातली ‘स्थिर हवा’ ‘झुळूक’ होते. मागच्या बाजूला काढलेल्या कार्डांच्या उघड्या फटी पट्ट्यांनी बंद केल्या तर पुढून येणारा प्रवाह वाढतो. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत.

वाचलेले पैसे मग दुसऱ्या डिस्कवर घालावेत, माहितीच्या प्रतीसाठी. याचंही कारण गूगलच्या त्याच निबंधात आहे आणि तोही भाग क्वचितच सांगितला जातो. स्कॅन करताना पहिली चूक नोंदली गेलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बिघडण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट आढळली. म्हणजे स्मार्टच्या नोंदी पाहणं उपयोगाचं आहे. पण बिघडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी चार मुख्य धोक्याच्या नोंदींपैकी एकही दाखवली नव्हती. थंड असो, कोरडी असो, निम्म्याहून अधिक वेळा डिस्क न सांगताच जाते. प्रत ठेवायची ती दुसऱ्या खोलीत, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. जुनी डिस्क काढून तिच्या जागी फिरते भाग नसलेली एसएसडी बसवणं परवडत असेल तर हेडचा आणि तबकडीचा प्रश्न संपतो. उघड्या जोडण्यांचा आणि ओलीचा संपत नाही.

हे सगळं मुलांना स्वतः मोजता येईल. स्मार्टच्या नोंदींमध्ये १९४ क्रमांकावर डिस्कचं तापमान असतं. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर स्मार्टसीटीएल हे मोफत प्रोग्राम ते दाखवतात. भिंतीवर ओला-सुका तापमापक टांगावा, त्यावरून खोलीची आर्द्रता काढता येते. संगणक सुरू केल्यापासून दर दहा मिनिटांनी तासभर डिस्कचं आणि खोलीचं तापमान लिहावं, एकदा झाकण लावून, एकदा काढून. मग जाळी झाडून पुन्हा. आमचे १६ आणि ८ अंश ढोबळ आहेत, तुमच्या कॅबिनेटमध्ये ते १२ आणि ९ निघतील किंवा २० आणि १०. हीच नोंद एप्रिलच्या सकाळी आणि जुलैच्या दुपारी घ्यावी, आणि जुलैच्या नोंदीत बाष्पदाबाचं कोष्टक वापरून डिस्कजवळची आर्द्रताही काढावी. पौडच्या शाळेने आणि ताम्हिणीजवळच्या शाळेने एकाच आठवड्यात हे केलं तर एकाच तालुक्यातले दोन पावसाळे शेजारी-शेजारी मांडता येतील. ज्या निबंधांबद्दल आपण इतकं बोललो, त्यांपैकी एकातही रात्री बंद राहणाऱ्या संगणकाची अशी नोंद नाही.